मेंदूचा फोटो मागू नका

प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीची दोन्ही तोंडं कापून, ती बाकांवर आडवी टाकून, तिच्यात लोकांची पोरं झोपवणारी डॉक्टरीण, एवढं म्हटलं की पांढुर्ण्यात अजूनही माणसं ओळखतात. "ते टाकीवाली बाई काय? तोंडाची लय कडू होती बापा." तोंडाबद्दल मी वाद घालणार नाही. टाकीबद्दल मात्र घालीन, कारण तिच्याबद्दल गावात काय वाट्टेल ते बोललं गेलं. पोरांना शॉक देतात. पोरांचं रक्त काढून नागपूरला पाठवतात. एका आजीने तर मला भाजीबाजारात धरून विचारलं, "मेंदू काढून परत बसवून राहिले म्हणते, खरं होय काय ओ?"

खरं होतं ते असं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या एडीएचडीवर काम चालू होतं. एका जागी बसता न येणारी मुलं, बसलेली दिसतात पण लक्ष भलतीकडेच असतं अशी मुलं, आणि दोन्ही एकदम असणारी मुलं, या सगळ्यांना डॉक्टरांच्या कागदावर नाव एकच. आत मेंदूत चाललेलं तरी एकच आहे का, हे एमआरआयच्या मशीनमधून बघायचं होतं. ते मशीन म्हणजे एक बोगदा. आत सरळ पडून राहायचं, ठकठक-घर्रघर्र चालू असते, आणि डोकं जरासं हललं की सगळे फोटो वाया. म्हणजे ज्या पोराची तक्रारच ही की ते हलतं, त्याला सांगायचं, बाळा, हलू नको. जी पोरं सगळ्यात जास्त हलतात त्यांचे फोटो टाकून द्यावे लागायचे आणि बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "ज्यांच्यासाठी लग्न, त्यांनाच मांडवाबाहेर काढून राहिलो आपण!"

मोठ्या शहरांत म्हणे सरावासाठी खोटं मशीन ठेवतात. आमच्याकडे ते कोण देणार? बाई मूळच्या सौंसरच्या, शिकल्या नागपूरला, नोकरी कुठे कुठे केली आणि उतारवयात हे काम अंगावर घेऊन परत आल्या. त्यांनी पांढुर्ण्यात खोली घेतली, फुटकी टाकी आणली, सुताराकडून आत फळी बसवून घेतली, मशीनचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला आणि गणपतीत लावतात तसल्या स्पीकरवर तो वाजवायला सुरुवात केली. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तक्रार केली की या आवाजामुळे त्याला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही. गिरणीवाल्याने!

आत झोपलेल्या पोराच्या कपाळावर बाई एक संत्रं ठेवायच्या. ते पडलं नाही तर पोराने खायचं, पडलं तर बाईंनी. हंगाम नसला की बटाटा. बटाट्यावर पोरं नाराज असायची, म्हणून बाई सौंसरहून येताना बसमध्ये गोळ्या-बिस्किटं घेऊन यायच्या आणि वर म्हणायच्या, "लाच आहे ही. समजून खा."

मी तिथे कशी गेले, तर माझं पाळणाघर कोरोनात बंद पडलं ते पडलंच. पोरं सांभाळणारी बाई हवी असं कळलं. कागदावर माझं पद 'समन्वयक' होतं. काम म्हणजे पोरं गोळा करायची, आयांना समजवायचं, रविवारी गाडी भरून नागपूरला न्यायची आणि वाटेत ओकणाऱ्यांच्या पिशव्या धरायच्या. बाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "अहो समन्वयक, जरा समन्वय करा, तो पोट्टा टाकीच्या वर चढून राहिला."

बाई खुर्चीत बसायच्या नाहीत. उभ्याने डबा खायच्या, उभ्याने लिहायच्या. पायांत कायम चामड्याच्या पुरुषी चपला. चहात साखर चालायची नाही, पण पोरांच्या हातचं अर्धं बिस्कीट खायच्या. मोठ्या माणसांशी बोलताना डोळे बारीक करायच्या, जणू समोरचा माणूस औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर आहे. पोरांशी मात्र तशा बोलत नसत. पोराला प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प उभ्या राहायच्या, आणि मधे एखादी आई बोलली, "सांग न रे मॅडमले", तर तिच्याकडे असं बघायच्या की ती बाई पदर तोंडाला लावायची.

एक वाक्य त्यांचं रोजचं होतं. ते मी खडूने फळ्यावर लिहून ठेवलं, कारण त्यांच्या तोंडून ते फार वाईट निघायचं: मेंदूचा फोटो मागू नका. नागपूरला नेलं, मशीनमध्ये घातलं, म्हणजे मोठ्ठी काळी फिल्म हातात मिळणार, असं प्रत्येक बापाला वाटायचं. इथे पाय मुरगळला तरी लोक एक्स-रे जपून ठेवतात आणि पाहुण्यांना उजेडात धरून दाखवतात. बाई द्यायच्या नाहीत. "काय करसान फोटो घेऊन? देवाजवळ लावसान?" बाप हट्टाला पेटला की त्या त्याला संत्र्याची बाग विचारायच्या.

"झाडाची पानं पिवळी पडली. काय झालं?"

"डिंक्या असन."

"दुसरं?"

"पाणी जास्त झालं असन. नाहीतर खत कमी."

"मी तुमच्या एका झाडाचा फोटो काढून आणला, तर त्या फोटोवरून सांगसान काय झालं ते?"

"नाही जी. झाडापाशी जा लागते. मुळाशी उकरून पाहा लागते."

"मग? पानं पिवळी म्हणजे एडीएचडी. कारणं वेगवेगळी. ती आम्ही शोधून राहिलो. त्यासाठी आम्हाला बागाच्या बागा पाहाव्या लागतात, तेव्हा कुठे थोडासा फरक दिसतो. एका झाडाच्या फोटोतून नाही दिसत. तुमच्या पोराला काय आहे हे मी त्याच्याशी बोलून, तुमच्याशी बोलून, मास्तरांना विचारून सांगीन. फोटोवरून नाही."

बापाला पटायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचा, मॅडमनं फोटो ठेवून घेतला.

आता प्रांजलबद्दल. तिच्यासाठीच हे लिहायला बसले आहे. 

प्रांजल सहावीत होती. वडील नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर, आई शिलाई करायची. गावातल्या एका इंग्रजी शाळेत मुलगी आरटीईतून, बिनफीच्या राखीव जागेवर, लागली होती आणि त्या शाळेचा टाय घातलेला तिचा फोटो घरात दारासमोरच टांगलेला होता. पोरगी गरीब. भांडण नाही, आरडाओरडा नाही, बाकावर हात ठेवून बसलेली. फळ्यावरचं अर्धं उतरवायची आणि तिथेच थांबायची. पाण्याची बाटली, कंपास, एक चप्पल, सगळं कुठे ना कुठे विसरायची. पेपरात पहिले प्रश्न बरोबर, पुढे कोरं. बाईंनी तिला कितीतरी वेळा बोलावलं, खेळवलं, गोष्टी सांगून परत विचारल्या, आईला एकटीला बसवून लहानपणापासूनचं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हिला आहे. शांत जातीचा आहे. हा कोणाला दिसत नाही, कारण याचा कोणाला त्रास होत नाही."

त्याच वर्गात संत्र्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. तोही आमच्याकडे यायचा. त्याने टाकीला आतून लाथा मारून तडा पाडला. त्याचं संत्रं कधी कपाळावर टिकलं नाही, नागपूरचे त्याचे सगळे फोटो हलले. शाळा त्याच्याबद्दल काय म्हणायची? "एनर्जी फार आहे हो त्याच्यात." त्याला वर्गात चक्कर मारायची परवानगी होती, पेपराला वेळ वाढवून मिळायचा. आणि प्रांजल? "मंद आहे. आरटीईच्या पोरांना घरी बघणारं कोणी नसते ना." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, प्रिन्सिपलच्या खोलीत, त्यांनी दिलेला चहा समोर असताना. चहा मी तसाच ठेवून उठले.

प्रांजल टाकीत अशी पडून राहायची की बाईंना वाकून बघावं लागायचं, झोपली तर नाही. संत्रं जागचं हलायचं नाही. नागपूरला तिचे फोटो एका झटक्यात निघाले. आणि तिथे तिच्या बाबांनी एक काम केलं. मशीनमधून कुणाचाही मेंदू गेला की दवाखान्याचे डॉक्टर नियमाप्रमाणे एक नजर टाकतात, गाठ वगैरे काही भलतंच तर नाही ना. त्याचा एक छापील कागद निघतो. तो मागेल त्या पालकाला खिडकीवर मिळतो, आणि बाबांनी मागितला. त्यावर लिहिलं होतं, मेंदू नॉर्मल.

माणूस गाडीत रडला. मग पांढुर्ण्यात उतरल्यावर पेढे घेतले आणि गाडीतल्या प्रत्येक पोराच्या हातावर ठेवले. "माह्या पोरीचा मेंदू नॉर्मल आहे! मशीननं सांगतलं. आता म्हणा म्हणाव मंद!" दुसऱ्या दिवशी त्या कागदाला प्लास्टिक चढवून ते शाळेत देऊन आले. स्वतःहून. छाती काढून.

प्रिन्सिपलनी कागद वाचला आणि म्हणाले, "नॉर्मल आहे ना? मग कामचोर आहे." पेपर कोरा ठेवला म्हणून प्रांजलला वर्गाबाहेर उभं करायला लागले. आधी दया म्हणून सोडून द्यायचे, आता मशीनचा दाखला होता. वर एक शिक्षिका म्हणाली, मशीनमध्ये एवढा वेळ न हलता पडून राहू शकते, तर वर्गात लक्ष द्यायला काय होते? वार्षिक परीक्षा तोंडावर होती. सुधारणा नसेल तर टीसी घेऊन जा, असं बाबांना सांगण्यात आलं.

बाईंनी दोन पानं लिहून दिली. मुलीला काय आहे, ते कसं ओळखलं, तिला पहिल्या बाकावर बसवा, सूचना एकेक द्या, पेपराला वेळ वाढवा. कोणत्याही शहाण्या शाळेला पुरलं असतं. पानं परत आली. "हे मॅडमचं मत झालं. मशीनचं काय आहे?"

बाबा आमच्या खोलीत आले. हातात हेल्मेट, घाम आलेला. "जय भीम मॅडम. एक ओळ लिहून द्या ना. मशीनमध्ये दिसून राहिलं म्हणून. एकच ओळ."

"दिसलं नाही, तर कसं लिहू?"

"तुम्हीच म्हणता न, आहे म्हणून?"

"आहे. पण फोटोत एकेकट्या पोराचं दिसत नाही. कोणाचंच नाही. तुमच्या मुलीचं नाही, त्या व्यापाऱ्याच्या पोराचं नाही."

"मग कायले नेलं जी नागपूरले?" असं विचारून ते गेले. बरोबर विचारलं.

त्या दिवशी मी आणि बाई भांडलो. मी म्हटलं, एका ओळीने तुमचं काय झिजणार होतं? त्या म्हणाल्या, उद्या दुसरी आई येईल, तिलाही लिहू? आणि ज्याच्या फोटोवर मी ओळ लिहिणार नाही, तो कामचोर ठरेल, त्याचं काय? मी म्हटलं, उद्याचं उद्या बघू, ही आज उन्हात उभी आहे. त्या म्हणाल्या, "अहो समन्वयक, खोटं एकदा शाळेत शिरलं की ते दर वर्षी पुढच्या वर्गात जाते." मी म्हटलं, वाक्यं चांगली करता तुम्ही, आणि टाकीतलं संत्रं उचलून सोलून खाल्लं. मला राग आला की मी खाते.

बाबांनी त्यांचा रस्ता काढला. नागपुरात कुठल्यातरी गल्लीत एक सेंटर आहे, तिथे डोक्याला तारा लावून रंगीत फोटो देतात. लाल, हिरवा, पिवळा मेंदू, होळी खेळून आल्यासारखा, आणि खाली ठळक अक्षरांत 'एडीएचडी'. त्याची एक प्रत शाळेने फाइलला लावली, एक बाबांकडे राहिली. प्रांजल पहिल्या बाकावर आली. पेपराला वेळ मिळाला. पुढच्या चाचणीत पोरीने शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहिलं. मला आनंद झाला आणि मी तो बाईंपासून लपवला नाही. बाईंनी फोटो हातात घेऊन उजेडात धरला, उलटा केला, परत दिला.

पण शाळेला ते आवडलं. सोय झाली ना. पुढच्या सत्रात त्यांनी फळ्यावर सूचना लावली की ज्या मुलांना सवलत हवी त्यांनी मेंदूचा रंगीत रिपोर्ट आणावा. मूळची लोधीखेड्याची एक आई आमच्याकडे आली. तिचं पोरगं त्याच शाळेत, वर्गात बाकाखाली जाऊन बसायचं. "मॅडम, तो होळीचा फोटो कोठी भेटते? शाळेनं आणाले सांगतला." नवरा दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायला जायचा, फोटोचे पैसे कुठून आणणार? बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मग मला म्हणाल्या, "पालकसभा कधी आहे त्यांची?"

मी सांगितलं. आज वाटतं, सांगायला नको होतं? नाही वाटत. त्यांनी कुठूनही काढलं असतं.

सभेला बाई चामड्याच्या चपला वाजवत गेल्या, मी मागे. पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, प्रिन्सिपल टेबलामागे. प्रांजलचे बाबा तिसऱ्या रांगेत. बाईंनी पिशवीतून मेंदूचे तीन फोटो काढून टेबलावर मांडले. काळे-पांढरे, सारखेच दिसणारे.

"सर, तुम्हाला फोटोवरून समजते म्हणून ऐकलं. यातला एक एका जागी न बसणाऱ्या पोराचा आहे. एक वर्गात कधी मान वर न करणाऱ्या पोराचा. आणि एक अशा माणसाचा, ज्याचा आयुष्यात कायम पहिला नंबर आला. सांगा कोणता कोणाचा."

प्रिन्सिपल हसले. म्हणाले, मॅडम, आम्ही काय डॉक्टर आहोत? बाई म्हणाल्या, फळ्यावर तर डॉक्टरचंच लिहून ठेवलं आहे तुम्ही. मागून कुणीतरी म्हणालं, "सांगा न सर, पाह्यतो आम्ही बी." माणसाला अशा वेळी उठून जायचं सुचत नाही. प्रिन्सिपलनी चष्मा सारखा केला आणि मधल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा. याच्यात काळं जास्त दिसून राहिलं. हा मंद पोराचा."

"हा माझा," बाई म्हणाल्या.

काय हसले लोक! आया पदरात तोंड घालून हसल्या. लोधीखेड्याची ती बाई तर खुर्चीतून अर्धी उठली. प्रिन्सिपलचे कान लाल झाले. बाई थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थांबल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, बाकीचे दोन मलाही नुसते बघून सांगता येत नाहीत, हेच काम करत म्हातारी झाले तरी येत नाहीत, आणि आम्हाला येते असं जे म्हणतात ते तुम्हाला रंग विकून राहिले. फाइलला लावलेला तो होळीचा कागद काढून फेका.

तिसऱ्या रांगेत प्रांजलचे बाबा पायांकडे बघत होते.

सूचना फळ्यावरून निघाली. सगळ्या पालकांना ते कळलं, गावात चार दिवस तीच चर्चा. बाईंनी वाद जिंकला. प्रिन्सिपलनी काय केलं, तर ज्या एका फाइलीत तो कागद होता ती उघडली, शाळेची फसवणूक केली म्हणून बाबांना बोलावलं, पोलिसांचं नाव काढलं आणि मुलीची टीसी हातात ठेवली. व्यापाऱ्याच्या मुलाची फाइल कुणी उघडली नाही. त्याच्याकडे कधी कुणी कागदच मागितला नव्हता. आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार, म्हणजे दगडफेक, होते आणि बाहेरचे लोक आम्हाला रानटी म्हणतात. गोटमारीत निदान दोन्ही बाजूंच्या हातात दगड असतात.

बाबांनी टीसी आणून बाईंसमोर ठेवली. त्यावर कारण लिहिलं होतं, पालकांच्या विनंतीवरून.

"मी कोणाले विनंती केली नाही," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा पेटला. आता जिल्हा झाला आहे, कलेक्टर इथेच बसतो, आत्ताच्या आत्ता जाऊ, अर्ज देऊ, आरटीईचं पोर असं काढता येत नाही, कायदा आहे, मी बघते. त्या पिशवी खांद्याला लावूनही मोकळ्या झाल्या.

"मॅडम," बाबा म्हणाले, "तुमची लढाई तुम्ही लढा. मले पोरगी शिकवायची आहे."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. आणि खुर्चीत बसल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच बसल्या. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही, सांगून ठेवते. माझ्या मनात एवढंच होतं की मुलीचं वर्ष जातं आहे आणि ही बाई आत्ता खुर्चीत बसते आहे.

मी म्हटलं, सावरगावच्या सरकारी शाळेत जागा आहे, उद्या सकाळी जाऊ. बाबांची पाण्याची ड्यूटी होती, ते म्हणाले, तुम्हीच न्या. बाई म्हणाल्या, मी येते. मी म्हटलं, यायचं तर ऑटोत बसून राहायचं. आत यायचं नाही. तोंड उघडायचं नाही. त्यांनी मान हलवली.

तर आम्ही पुलावरून सावरगावला गेलो. ऑटो शाळेच्या फाटकाशी कडुनिंबाखाली लावला, बाईंना आत तसंच ठेवलं आणि मी प्रांजलला घेऊन मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत गेले. मोठ्या बाई पोषण आहाराच्या तांदळाचं काही बघत होत्या. टीसी वाचली, पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, पहिला बाक, एक एक सूचना, पेपराला थोडा वेळ.

"काहून? काय आहे पोरीले?"

मी सांगितलं.

"रिपोर्ट आहे काय?"

'आहे' म्हणायला माझी जीभ उचलली होती. तो रंगीत कागद माझ्या पर्समध्ये होता, बाबांनी वेळेला असू द्या म्हणून दिलेला. काढला असता तर काम झालं असतं. मी लोधीखेड्याच्या त्या बाईला ओळखत नसते, तर काढलाही असता. 

"नाही," मी म्हटलं. "पोरीलाच विचारा."

मोठ्या बाईंनी विचारलं, "काय गं माय, लक्ष कोठी जाते तुझं?"

प्रांजल बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या अंगात बाईंची सवय शिरली होती, म्हणून मीही बोलले नाही.

"कोठीच नाही जात," ती म्हणाली. "तुम्ही बोलून राहिल्या ते ऐकू येते. पंखा कटकट करते ते बी. बाहेर कोणी गंज-भांडे घासून राहिलं. तिकडे पोरं पाढे म्हणून राहिले. सगळं सारखंच मोठं ऐकू येते. मग तुमचं कोणतं होतं ते सापडत नाही."

मोठ्या बाईंनी वर पंख्याकडे पाहिलं. तो करत होता कटकट. मग शिक्का शोधला, नाव घातलं. "पहिल्या बाकावर बसवते. बाकी माह्याकडे पोरं किती, मास्तर किती, तुम्ही पाहून राहिल्या. आठवण राहिली तं वेळ देईन वाढवून."

बाहेर आलो. बाई ऑटोतून गळ्यापर्यंत बाहेर आलेल्या होत्या. "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं, नाव घातलं, पहिला बाक दिला, आठवण राहिली तर वेळ देतील.

"आठवण राहिली तर?" बाईंचा आवाज फाटकाच्या आत गेला. "आठवण राहिली तर म्हणजे? या पोरीला आठवण राहत नाही म्हणून आपण इथे आलो, आणि ह्या म्हणतात आठवण राहिली तर? थांबा, मी..." एक पाय खाली टेकलाच होता त्यांचा. मी त्यांच्या हाताला धरून मागे ओढलं. म्हातारं हाड, पण जोर होता. चप्पल निसटून खाली पडली.

"बसा खाली," मी म्हटलं. "एक शाळा खाल्ली तुम्ही तिची. ही दुसरी आहे. तिसरी नदीच्या या बाजूला नाही."

ऑटोवाला आरशातून बघत होता. प्रांजल वाकली, चप्पल उचलून बाईंच्या पायाशी ठेवली आणि पाढ्यांचा आवाज येत होता त्या वर्गाकडे चालू लागली. दप्तर ऑटोतच राहिलं होतं. बाईंनी ते उचललं, फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"द्या इकडे," मी म्हटलं. "मी देऊन येते. तुम्ही हलायचं नाही."